आठ जणी, एक घर आणि होबार्टची हेन्स पार्टी

प्रश्न : ताई नमस्कार, मी होबार्टमध्ये गेली सहा वर्षं आहे, नर्स आहे. माझ्या वॉर्डमधली सगळ्यात जवळची मैत्रीण, ती इथलीच, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच जन्मलेली वाढलेली, तिचं मार्चमध्ये लग्न आहे आणि तिने मला मेड ऑफ ऑनर, म्हणजे लग्नातली तिची मुख्य पाठराखीण, केलंय. आनंदाने रडले वगैरे, आणि मग दोन दिवसांनी कळलं की हेन्स पार्टी, म्हणजे लग्नाआधीची नवरीच्या मैत्रिणींची पार्टी, मेड ऑफ ऑनरनेच करायची असते! मी आयुष्यात एकाच हेन्सला गेलेय, ती मेलबर्नला, लिमो, सॅश (खांद्यावरून घालायचे ते नाव लिहिलेले पट्टे), प्लास्टिकचे मुकुट, रात्री दोनपर्यंत क्लब आणि दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ. नवरीने मला स्पष्ट सांगितलंय की तिला यातलं काहीही नको, फक्त आपण आपण आणि निवांत. पण ग्रुपवर तिची मेलबर्नची कझिन रोज नवीन लिंक टाकते, काल दोन दिवसांचा प्लॅन टाकला, माणशी साडेचारशे डॉलर, विमान वेगळं. आम्ही एकूण आठ जणी. एक सात महिन्यांची गरोदर, एक दारू घेत नाही (ती मीच), एक शाकाहारी (ती पण मीच), नवरीची होणारी नणंद जिला अजून कोणीच नीट ओळखत नाही, आणि दोघी मेलबर्नहून येणार. होबार्ट एवढंसं, तिथे करायला आहे काय, असं त्यांचं म्हणणं. मला सारखं वाटतंय की साधं काही केलं तर कंजूस दिसेन किंवा हिला आमच्यातलं काही कळत नाही असं वाटेल. फेब्रुवारीत करायचंय. काय करू?
— वॉर्डातली मेड ऑफ ऑनर

उत्तर : अगं, आधी अभिनंदन. आणि ते 'आमच्यातलं कळत नाही' डोक्यातून काढून टाक, कारण तुला पूर्ण कळतं, फक्त दुसऱ्या नावाने कळतं. आपल्याकडे लग्नाआधी केळवण करतात ना? जवळच्यांनी नवरीला घरी बोलवायचं, तिच्या आवडीचं करायचं, ताटाभोवती रांगोळी, हातात काहीतरी भेट, थोडी चेष्टामस्करी, आणि ती निघताना कोणीतरी उगाच डोळे पुसणार. तुझ्या नवरीला हवंय ते साधारण हेच, फक्त रांगोळीच्या जागी स्पार्कलिंग वाइन.

आता कामाचं. नवरीला "काय करूया" असं अजिबात विचारू नकोस, ती बिचारी "काहीही चालेल" म्हणणार आणि तू परत तिथेच. तिला दोन प्रश्न विचार, समोरासमोर, ग्रुपवर नाही. एक, रात्री किती वाजता झोपायचंय. दोन, या आठ जणींमध्ये तिला कोणाची धास्ती आहे. दुसरा प्रश्न विचारायला अवघड वाटेल पण विचार, कारण निवांत पार्टी बिघडते ती माणसांमुळे, जागेमुळे क्वचितच. कोणाला तरी सतत सांभाळून घ्यावं लागतं आणि ते काम नवरीच करत बसते. नाव कळलं की त्या बाईला जेवताना तुझ्या शेजारी बसवायचं, झालं.

मग ग्रुपवर मतदान बंद. आठ जणींना सहा पर्याय दिले की अठरा मतं येतात हा माझा अनुभव. तू फक्त लिही, "शनिवार-रविवार, होबार्टजवळ एक घर, शनिवारी दुपारी एक बाहेरचा कार्यक्रम, रात्री घरीच जेवण, नवरीला असंच हवंय." शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे, त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. आणि ती कझिन, ती वाईट नाही गं, तिला नवरीसाठी काहीतरी करायचंय आणि मार्ग सापडत नाहीये. तिच्याकडे एक आख्खं खातं सोपव, ड्रिंक्स आणि गाणी म्हण, आणि त्यात तू नाक खुपसू नकोस. ती सॅश आणणारच, आणू दे, आरशाला लटकवून टाका.

तारीख मात्र लगेच धर. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी होबार्टला रेगाटाची, म्हणजे बोटींच्या शर्यतींची, सुट्टी असते हे तुला रोस्टरमुळे माहीतच असेल, पण तो लाँग वीकेंड टाळ, घरं महाग होतात आणि सुट्टीच्या दिवशी हॉटेलवाले बिलावर सरचार्ज लावतात. विषम सालांत तर त्याच सुमाराला लाकडी बोटींचा मोठा महोत्सव असतो, मग अख्खा वॉटरफ्रंट माणसांनी भरलेला. त्यामुळे फेब्रुवारीचा शेवट बघ. आणि तुमच्या वॉर्डच्या तिघी-चौघी एकाच शनिवारी सुट्टीवर म्हणजे रोस्टर करणाऱ्या बाईंना आजच्या आज पटवायला घे, घर नंतर मिळेल पण ती सुट्टी नंतर मिळणार नाही!

घराबद्दल. मालकाला खरं सांग. हेन्स म्हटलं की घरमालकांना घाम फुटतो, आणि एअरबीएनबीने तर २०२२ पासून धिंगाणा घालणाऱ्या पार्ट्यांवर कायमची बंदी घातलीय, त्यामुळे लपवून बुक केलं आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर रात्री दहाला बाहेर. बुकिंगच्या आधी मेसेज टाक, आठ बायका, त्यातली एक गरोदर, घरात जेवण, अकराला झोप, चालेल का. बरेच जण हो म्हणतात. बेडरूम मोज, बेड नाही, कारण सोफाबेड धरून "आठ जण झोपू शकतात" असं लिहिलेलं असतं आणि गरोदर बाई सोफाबेडवर झोपणार नाही, मग रात्री अकराला अदलाबदल सुरू. एक खोली आणि जवळचं बाथरूम तिच्या नावावर आधीच करून टाक.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. भाड्याच्या घरात धार असलेली सुरी कधीच नसते. मागे एका मैत्रिणीच्या हेन्सला आम्ही सहा जणी, समोर सुंदर चीज, सुंदर ब्रेड, खिडकीतून समुद्र, आणि ड्रॉवरमध्ये तीन बटर नाइफ आणि एक कात्री. ब्रेड शेवटी हातानेच तोडला आणि चीज कात्रीने कापलं, नवरी ते धरून उभी आणि मी कापतेय, दोघींनाही हसू आवरेना. त्या दिवसाचा तो एकच फोटो तिने फ्रेम केलाय. पण ते तेव्हा मजेत निभावलं, तू आपली घरून सुरी, लायटर, ओपनर, चहाची पावडर आणि आल्याचा तुकडा घेऊन जा. आल्याचा चहा सकाळी सातला सगळ्यांना हवा असतो, दारू प्यायलेल्यांना जास्त.

त्याच पार्टीची दुसरी बाजू पण सांगते. मी तेव्हा उत्साहात सकाळी मातीकाम, मग लंच, मग मसाज असं पाठोपाठ बुक केलं होतं. मातीकाम लांबलं, लंचला अर्धा तास उशीर, मसाजवाल्यांचे फोनवर फोन, आणि मी वर्गशिक्षिकेसारखी "चला चला" करत सगळ्यांच्या मागे. नवरी गाडीत हळूच म्हणाली, आपण जरा थांबूया का कुठेतरी? आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि वीस मिनिटं नुसत्या बसलो. तिला दिवसभरात हवी होती ती तेवढीच वीस मिनिटं, आणि मी ती सोडून सगळं बुक केलं होतं.

म्हणून एकच गोष्ट बुक कर. बाकी दिवस मोकळा, पण मोकळा म्हणजे विचार न केलेला असा नाही हं. चहा कुठे, दुपारी भूक लागली तर काय, गाडी कोणाची, हे तुझ्या डोक्यात पक्कं पाहिजे, म्हणजे त्या दिवशी कोणालाच "मग आता काय" असं विचारायची वेळ येत नाही.

आणि होबार्टमध्ये आहे काय या प्रश्नाला उत्तर म्हणजे शनिवारची सकाळ. सालामांका मार्केट १९७२पासून दर शनिवारी भरतं, तीनशेच्या वर स्टॉल, मेलबर्नच्या दोघींना तिथे सोड आणि सांग की प्रत्येकीने रात्रीच्या जेवणासाठी एक गोष्ट विकत आणायची, काय ते सांगायचं नाही. आठ जणींनी एकत्र फिरायचं नाही, दोघी दोघी करून जा, नाहीतर कोणीतरी एका स्टॉलवर अडकते आणि सात जणी उन्हात. नणंदेची जोडी नवरीबरोबर लावायचा मोह होईल, नको, ती तुझ्याबरोबर घे. दोघी नवख्या असल्या की गप्पा जमतात.

दुपारसाठी माझं मत रिचमंड. गावापासून पंचवीसेक किलोमीटर, कैद्यांनी बांधलेला दगडी पूल आहे, १८२३ला काम सुरू करून १८२५ला पूर्ण केलेला, ऑस्ट्रेलियातला अजून वापरात असलेला सगळ्यात जुना. पुलाखाली हिरवळ, बदकं, गरोदर बाईला बसायला जागा, आणि आजूबाजूला कोल रिव्हर व्हॅलीतल्या द्राक्षबागा. एका वाइनरीत लांबलचक लंच बुक कर, बुक करतानाच शाकाहारी एक आणि गरोदर एक असं सांग, कारण इथले मऊ चीज आणि थंड मासे गरोदर बाईला चालत नाहीत आणि बऱ्याचदा अर्धा प्लॅटर तोच असतो. तुझ्या ताटात नुसतं भाजलेलं गाजर येऊ नये म्हणून मेन्यू आधी मागवून बघ. लाजायचं नाही.

गाडीवरून आठवलं, इथे सावध राहा. जी पीत नाही तिच्या गळ्यात किल्ली पडते. इथे गाडी चालवायला रक्तातली दारूची मर्यादा ०.०५, पी प्लेटवाल्यांना (नव्याने लायसन्स मिळालेल्यांना) शून्य, त्यामुळे सगळ्या मोठ्या प्रेमाने तुझ्याकडे बघणार. आणि आठ जणी एका गाडीत मावत नाहीत, म्हणजे दुसरी ड्रायव्हर ती सात महिन्यांची! ड्रायव्हरसकट मिनीबस घे, खर्च आठात वाटला की फार वाटत नाही आणि तू मेड ऑफ ऑनर राहतेस, टॅक्सीवाली होत नाहीस.

मोनाचं कोणीतरी नक्की सुचवेल. म्युझियम जबरदस्तच आहे, २०११ला उघडलं, ब्रुक स्ट्रीट पियरवरून फेरीने जाता येतं आणि नदीतून जाण्यातच अर्धी मजा. पण धक्क्यावरून वर जायला ९९ पायऱ्या, बरंचसं म्युझियम जमिनीखाली, भिंतीवर पाट्या नाहीत, माणसं एकमेकींना हरवतात, आणि आतल्या काही गोष्टी अनोळखी नणंदेशेजारी उभं राहून बघायच्या नाहीत असं माझं प्रामाणिक मत आहे. मेलबर्नच्या दोघींचं रविवारचं विमान उशिराचं असेल तर त्यांनी स्वतंत्र जावं. तुम्हा टास्मानियात राहणाऱ्यांना तिथे प्रवेश फुकट आहे, तू केव्हाही जाशील.

संध्याकाळ. फेब्रुवारीच्या शेवटी सूर्य आठच्या आसपास मावळतो, म्हणजे सहाला परत आलात तरी दोन तास उजेड, अंगण किंवा डेक असलेलं घर बघ ते याचसाठी. कोणीतरी माउंट वेलिंग्टनवर सूर्यास्त बघायला जाऊ म्हणेल, १,२७१ मीटर उंची आहे, खाली तुम्ही बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये आणि वर वाऱ्याने दात वाजतायत, मिनीबस परत पाठवली असेल तर विषय काढूच नका. बाहेर जेवायचं ठरवलंच तर लक्षात ठेव, होबार्टची बरीच किचन साडेआठ-नऊला बंद होतात, दहाला भूक लागली तर फ्रीजच. म्हणून म्हणते घरी जेवा. मार्केटमधून आणलेलं सगळं टेबलवर मांडा, तू एक मोठं पातेलं पुलाव कर, बघ काय आधी संपतं ते.

खेळ एकच, तो पण हवा असेल तर. नणंदेला आधीच मेसेज कर की नवऱ्याचे लहानपणचे चार-पाच फोटो आण, शक्यतो लाज वाटेल असे. ती एकटीच आहे जिच्याकडे हा माल आहे. दहा मिनिटांत सगळ्या तिच्याभोवती गोळा, आणि ती परकी राहत नाही, तुला काही करावं लागत नाही.

पैशाचं, साडेचारशेला तू मनातल्या मनात नाही म्हणालीच आहेस, आता तोंडाने म्हण. घर, बस, लंच, सगळं धरून आकडा काढ, आणि त्याआधी ज्या मैत्रिणीचा हात तंग आहे असं तुला वाटतं तिला वेगळं विचार की किती जमेल. तिचा आकडा हीच ग्रुपची मर्यादा. नवरीचा वाटा बाकी सात जणींत, ही इथली पद्धत.

प्रश्न : माझी मुलगी टास्मानियातच, लॉन्सेस्टनला असते, एप्रिलमध्ये लग्न. तिच्या मैत्रिणी हेन्स पार्टी करतायत आणि मला आणि विहीणबाईंना (त्या ऑस्ट्रेलियन) दुपारच्या चहापुरतं बोलावलंय, नंतर म्हणे मुली मुली. जायचं का? मला अवघडल्यासारखं होईल की त्यांना? मी मेलबर्नहून येणार आहे, सगळ्यांसाठी गजरे आणि आमच्या झाडाचा कढीपत्ता, लिंबं आणावीत म्हणते.
— नवरीची आई

उत्तर : काकू, जायचं, अगदी जायचं. 'चहापुरतं' हे त्यांनी तुम्हाला टाळायला म्हटलेलं नाही, उलट विचार करून आखलेलं आहे, आया असताना एक पार्टी आणि आया गेल्यावर दुसरी. तुम्ही फक्त एक करा, वेळेवर निघा. मुली "थांबा ना काकू" म्हणतील, तरी निघा. विहीणबाईंना घेऊन निघालात तर अजून छान, दोघी कुठेतरी जेवायला जा, लग्नाच्या धावपळीत तुम्हाला एकमेकींशी बोलायला दुसरी वेळ मिळणार नाहीये.

चहा कुठे ते मुलींनी ठरवलं नसेल तर कॅटरॅक्ट गॉर्ज सुचवा. शहराच्या मध्यापासून चालत पंधरा मिनिटं, दरी, हिरवळ, आणि १९७२ची चेअरलिफ्ट, तिचा मधला टप्पा ३०८ मीटरचा आहे. गुडघे कुरकुरत असतील तरी लिफ्टमध्ये बसा, नुसतं बसायचंच तर आहे. तिथे मोर मोकळे फिरतात आणि केककडे त्यांचं बारीक लक्ष असतं, डबा उघडा टाकू नका.

पण गजरे, कढीपत्ता, लिंबं यातलं काहीही बॅगेत घालू नका! टास्मानियात ताजी फळं, भाज्या, फुलं-पानं, रोपं यांचे नियम फार कडक आहेत, मेलबर्नहून तासाभराच्या विमानाने आलात तरी लागू. विमानतळावर वास घेणारा कुत्रा असतो आणि तो बरोबर तुमच्याच बॅगेपाशी येऊन बसतो. माझ्या आत्याचा झाला तो प्रकार, कढीपत्त्याची पुडी साडीत गुंडाळली होती, कुत्रा बसला आणि आत्या त्यालाच मराठीत समजावत होती. बाकी खाऊ आणलात आणि शंका आली तर सरळ अधिकाऱ्याला दाखवून विचारायचं, दाखवलं की कोणी रागवत नाही. फुलं लॉन्सेस्टनलाच घ्या, मोगरा नाही मिळाला तर जी मिळतील त्यांचा गजरा तुम्ही तिथे बसून ओवा, मुलींना ओवायला शिकवा, सुईदोरा मात्र आठवणीने न्या.

प्रश्न : हेन्स दोन आठवड्यांवर आलीय आणि दहापैकी तिघींनी येत नाही म्हणून कळवलं. घराचे सगळे पैसे मी माझ्या कार्डवर भरलेत, आता रिफंड नाही. त्यांच्याकडे मागायचे की नवरी सोडून उरलेल्या सहा जणींत वाटायचे? नवरीला सांगायचं का?
— कार्डवाली

उत्तर : नवरीला पैशाचं सांगायचं नाही, फक्त त्या तिघी येत नाहीयेत एवढंच, तेही त्यांनी स्वतः सांगितलं तर बरं.

त्या तिघींकडे घराचा वाटा माग. जेवणाचा, बसचा नाही, कारण ते अजून कमी करता येतं, आजच लंचवाल्यांना फोन करून सात जणी सांग. पण घर त्या येणार म्हणून तेवढं मोठं घेतलं होतं, तो वाटा त्यांचाच. अपवाद एकच, घरात खरंच आजारपण किंवा काही वाईट झालं असेल तर तिथे मागू नकोस, तिचा वाटा उरलेल्या सहा जणींत आणि तसं त्यांना आधी विचारून.

मेसेज ग्रुपवर नको, प्रत्येकीला वेगळा, आणि तीन ओळींचा. "तू येणार नाहीस वाईट वाटलं. घराचे पैसे परत मिळत नाहीयेत, तुझा वाटा इतका झाला. शुक्रवारपर्यंत या पे-आयडीवर पाठवशील का." (पे-आयडी म्हणजे बँक खात्याला जोडलेला तुझा फोन नंबर किंवा ईमेल.) एवढंच. सॉरी नाही, हसरा चेहरा नाही, "जमलं तर" तर अजिबात नाही, आणि 'इतका'च्या जागी डॉलर-सेंटसकट आकडा घाल.